खेकड्याच्या जागी दत्तू

“तो नसतोच,” चिमी म्हणाली.

मी तिचे दोन्ही खांदे धरले होते. तिचे ओठ निळे पडले होते, परकर पायांना चिकटला होता, केसांतून पाणी गळत होतं. शिनेमाची सगळी माणसं तिच्याभोवती गोळा झाली होती. कोणी टॉवेल देत होतं, कोणी चहाचा पेला पुढे करत होतं. एकाने तर टाळ्या वाजवल्या. पोरगी वाचली, पोरगी वाचली, असं सगळे म्हणत होते आणि मीही तेच म्हणत होते.

मग माझ्या ध्यानात आलं की पोरगी पाण्यात एकटी नव्हती. ती दत्तूच्या पाठीवर बसलेली होती.

“चिमे, दत्तूकाका कुटं हाय?”

“तो नसतोच, आजी.”

“नसतो म्हंजी? आत्ता तुला पाठीवर घिऊन पान्यात हुता का न्हाई?”

“त्याच्याकडं बघायचं न्हाई,” ती म्हणाली आणि खरंच मान फिरवून दुसरीकडे बघायला लागली.

मी ओढ्याकडे पाहिलं. तांबडं पाणी दगडांवर आपटत चाललं होतं. दोन्ही काठांना कारवी, गवत, वेली, शेवाळ. इतकं हिरवं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि दत्तूच्या अंगात डोक्यापासून पायापर्यंत हिरवे कपडे होते. तोंडावरसुद्धा हिरवं कापड होतं. त्या हिरव्यात तो कुठे होता, होता की वाहून गेला, कोणालाच सांगता येईना.

आता हे सगळं कसं झालं ते सांगते. आमच्या गावच्या बायका रोज विचारतात, शिनेमात काय बघितलंस, मावळात काय खाल्लंस. एकेकीला सांगून माझं तोंड दुखलं, म्हणून लिहून काढते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे. जमेल तसं लिहिते.

परंदवडी

माझं गाव माण तालुक्यात. तिथे उन्हाळ्यात टँकरच्या मागे पळावं लागतं आणि पावसाळ्यातही पुष्कळदा पळावं लागतं. माझी मुलगी मंगल परंदवडीला दिली आहे. तिचं लग्न झाल्यापासून मी तिकडे उन्हाळ्यातच जाते, कारण पावसाळ्यात आमच्याकडे पेरणीची कामं असतात. या वर्षी आषाढात जावं लागलं. मंगलला आठवा महिना होता आणि तिची थोरली, म्हणजे चिमी, शिनेमात निवडली गेली होती.

परंदवडी सोमाटण्याजवळ आहे. एका बाजूला भाताची खाचरं आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या पांढऱ्या भिंती. माझा जावई सकाळी खाचरात चिखल तुडवतो आणि दुपारी कंपनीचे बूट घालून पाळीला जातो. आमच्याकडे भाकरी हेच जेवण. इथे ताटात आधी इंद्रायणीचा भात पडतो. भात चिकट असतो, वास चांगला येतो, पण त्याने माझं पोट भरत नाही. मी तसं सांगितलं तर विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं. केलं तर केलं.

शिनेमाची माणसं शाळांमधून हिंडून पोरं बघत होती. त्यांचा मुख्य माणूस म्हणजे मिहीर सर. तिशीतला, दाढीवाला, हळू बोलणारा. तो एका काठीला दोन तांबडे चेंडू लावून आणायचा आणि पोरांना म्हणायचा, हा मोठा खेकडा आहे, हे त्याचे डोळे, याच्याशी बोला. पोरं हसायची नाहीतर गप्प उभी राहायची. चिमीने त्या चेंडूंना विचारलं, “जेवलास का?” आणि मग सांगितलं, “आमच्या खाचरात यिऊ नको बरं का. माझा बाप तुला धरंल अन् आई कालवण करंल.”

तिथेच ती निवडली गेली.

गोष्ट साधी होती. एका पोरीची आजी आजारी पडते. पोरगी डोंगरावरचं औषधी फूल आणायला निघते. वाटेतल्या ओढ्यांवरून तिला एक म्हशीएवढा खेकडा पाठीवर बसवून नेतो. शिनेमात पोरगी खरी, झाडं खरी, ओढे खरे. खेकडा, बोलणारं घुबड आणि रडणारा ढग हे मागाहून चित्रांनी काढायचे. लहान-थोरांनी मिळून बघायचा शिनेमा. आम्ही लहान असताना गोष्टीतला खेकडा ज्याचा त्याने डोळे मिटून बघायचा. माझा वेगळा, माझ्या भावाचा वेगळा. आता एकच काढतात आणि सगळ्यांना तोच दाखवतात.

“आई, तूच जा तिच्यासंगं,” मंगल म्हणाली. “ह्यांची पाळी बदलून मिळत न्हाई, अन् मला आता चालवत न्हाई.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“कळायचं काय त्यात? निस्तं बसायचं अन् पोरीवर नजर ठिवायची.”

“पानी हाय का तितं?”

“आई, पावसाळ्यात लोनावळ्याला पानी न्हाई तर काय धूळ आसनार?”

मला पाण्याची भीती वाटते. आमच्याकडे विहिरीत वाकून बघितलं तर तळ दिसतो. ज्या पाण्याचा तळ दिसत नाही त्याच्याजवळ मी जात नाही. तरी गेले, कारण दुसरं कोणी नव्हतं.

लोणावळा

लोणावळ्यात उतरल्यावर पहिल्यांदा दिसतात ती चिक्कीची दुकानं. एकाला लागून एक, सगळी सारखी. आमच्याकडे शेंगदाणे आणि गूळ घरचे असतात, आम्ही संक्रांतीला थापतो. इथे लोक गाडीतून उतरून पिशव्या भरभरून नेतात, जसा काही गूळ जगात दुसरीकडे होतच नाही. मी एक तुकडा मागून खाल्ला. चांगला होता.

आम्हाला एका बंगल्यात ठेवलं होतं. खिडकी उघडली की धुकं आत यायचं. लुगडं वाळत घातलं तर दुसऱ्या दिवशी जास्तच ओलं लागायचं. अंथरूण गार, उशी गार, काडेपेटीसुद्धा पेटत नव्हती. रात्रभर छपरावर पाऊस वाजायचा आणि मी जागीच पडून असायचे.

पहिल्या दिवशी बंगल्याच्या मोठ्या खोलीत काम होतं. तिन्ही भिंती आणि खालची फरशी हिरव्या कापडाने झाकली होती. मी चिमीचा हात धरून आत गेले, तर त्या भिंतीतून एक माणूस सुटून पुढे आला. डोकं हिरवं, हात हिरवे, तोंड नाही. मी मोठ्याने ओरडले.

त्याने तोंडावरचं कापड वर केलं. आत चाळिशीचा, मिशीवाला, हसरा माणूस होता.

“भिऊ नगा मावशी. मी दत्तू. हितलाच हाय, भुशीचा.”

“आसं का नटलायस रं?”

“मी खेकडा हाय.”

त्याचं काम असं होतं. चिमीने त्याच्या पाठीवर बसायचं आणि त्याने गुडघ्या-हातांवर रांगायचं. हिरव्या कापडासमोर हिरवा माणूस असला की कॉम्प्युटरवर दोन्ही एकदम पुसता येतात. मग दत्तूच्या जागी खेकड्याचं चित्र बसवायचं. माणूस पुसायला बरं पडावं म्हणून त्याला आधीच रंगवून ठेवायचा, अशी ती रीत.

पण चिमी सारखी त्याच्याकडे बघायची. त्याच्या कानात काहीतरी बोलायची आणि खुदखुदायची. खेकड्याचे डोळे म्हणून समोर धरलेल्या चेंडूंकडे बघायचं सोडून “दत्तूकाका, गुडघं दुखत्यात का?” असं विचारायची. दर वेळी काम मोडायचं. शेवटी मिहीर सर तिच्यासमोर मांडी घालून बसला.

“चिमी, आपण एक नियम करू. हिरवा माणूस नसतो. दिसला तरी तो नसतो. त्याच्याकडे बघायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. कोणी विचारलं तरी सांगायचं, तो नसतोच. मी सांगेपर्यंत. जमेल?”

“आजीनं इचारलं तरी?”

“आजीने विचारलं तरी.”

चिमी एकदा ठरवलं की मोडत नाही. त्या घडीपासून तिने दत्तूकडे पाहिलं नाही. त्याच्या पाठीवर बसायची, उतरायची, पण जसं दगडावरून उतरावं तसं. बाकीच्यांनाही तो खेळच झाला. चहावाला ताट घेऊन आला की दत्तूसमोर थांबून म्हणायचा, “हितं कुनी हाय का?” आणि त्या कापडाच्या आतून आवाज यायचा, “न्हाई, पन चहा ठिवा.” सगळे हसायचे. मीही हसले.

संध्याकाळी मिहीर सरने मला कॉम्प्युटरवर एक कच्चा तुकडा दाखवला. आधी चिमी दत्तूच्या पाठीवर होती. त्याने एक बटण दाबलं आणि दत्तू गेला. चिमी हवेत बसलेली राहिली, पाय खाली लोंबताना. मग दुसरं बटण दाबलं आणि तिच्याखाली तांबडा खेकडा आला, नांग्या हलवत.

“कसं वाटलं, आजी?”

“मधलं चांगलं न्हाई वाटलं.”

“मधलं कुठलं?”

“माणूस हुता अन् न्हाईसा झाला, ते.”

“ते कोणाला दिसणार नाही. प्रेक्षकांना फक्त खेकडा दिसेल.”

“मला दिसलं न्हवं,” मी म्हटलं. त्यावर तो नुसता हसला. वाईट माणूस नव्हता. दिवसभर चिमीला स्वतःच्या हाताने छत्री धरायचा.

भुशी

दुसऱ्या दिवशी पाऊस फार होता म्हणून काम बंद ठेवलं. दत्तू म्हणाला, चला, आमच्याकडे जेवायला. त्याची बायको सुनंदा भुशीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर कणसं आणि कांदाभजी विकते. ताडपत्रीखाली शेगडी, बाजूला कणसांचा ढीग, धुराने तिचे डोळे लाल.

धरण मी लांबूनच पाहिलं. भिंतीवरून पाणी पायऱ्यांवर पडतं आणि त्या पायऱ्यांवर माणसं कपड्यांसकट बसतात. बापे, बाया, लेकरं, सगळे पाण्यात बसून ओरडत होते. आमच्याकडे पाणी दिसलं की घागर लावतात. त्यांचं मला काही कळलं नाही. ते पाणी त्यांच्या पाठीवर येत होतं आणि त्यांची तोंडं दुसरीकडे होती. मी चिमीला कडेवर घेऊन मागे फिरले.

सुनंदाने खेकड्याचं कालवण केलं होतं. भाजलेलं खोबरं, कांदा, लसूण, तिखट पोटात जाळ करील असं. पाटा-वरवंट्यावर खेकड्याचे पाय वाटून त्यांचा रस गाळून घालतात, म्हणून कालवण दाट होतं. मी दोन वेळा घेतलं. आमच्याकडे खेकडे मिळतच नाहीत, त्यामुळे फोडून खाताना माझी फजिती झाली. नांगी हातातून उडाली आणि शेजारी उभ्या असलेल्या पुण्याच्या एका बाईच्या पर्समध्ये पडली. ती किंचाळली. सुनंदा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

“मावशी, तुमी शिनेमात पायजे हुत्या.”

चिमी मात्र कालवणाला हात लावेना. “तो माझा दोस्त हाय,” म्हणाली. समोर दत्तू बसला होता, साध्या कपड्यांत. ती त्याच्याकडे बघेना. तो म्हणाला, “आगं, आता म्या हिरवा न्हाई. आता बोल की.” तरी ती भजी खात रस्त्याकडे बघत राहिली.

“काय झालं हिला?” सुनंदाने विचारलं. मी नियम सांगितला.

“आत्ता ग बया!” सुनंदा म्हणाली. “मावशी, हे घरातबी नसत्यातच. पोरं झाली तवा न्हवते, छप्पर उडालं तवा न्हवते. नसन्याचं काम आसतंय हे मला आदीच म्हाईत आसतं, तर कवाच लावलं आसतं ह्यांना.”

दत्तूने खेकड्याची नांगी तिच्या दिशेने उडवली. तिने कणसाचं पान त्याच्या डोक्यावर मारलं. चांगला संसार होता त्यांचा.

मी दत्तूला विचारलं, “त्या कापडातनं दिसतंय का तुला?”

“धुक्यातनं दिसावं तसं दिसतंय. ऐकाया कमी येतं. पन वल्लं झालं की तोंडाला चिकटतं, मंग वाईच दम लागतो.”

सुनंदाचं हसू थांबलं. “मंग काढून टाकत जा की.”

“मदीच कसं काढनार? पोरगी पाठीवर आसती.”

ओढा

भुशीच्या पलीकडे डोंगरातून एक ओढा येतो. तिथे गर्दी नसते. बाहेर झाडीत काम असलं की दत्तूला हिरवे नाही, निळे कपडे घालायचे, कारण हिरव्यात हिरवा ओळखू येत नाही आणि कॉम्प्युटरला पुसता येत नाही. एक दिवस ते निळ्या कपड्यांत झालं. संध्याकाळी दत्तू करवंदीच्या जाळीत अडकला आणि ते कपडे खांद्यापासून कमरेपर्यंत फाटले. दुसरे मुंबईहून यायला वेळ लागणार होता.

सकाळी मिहीर सरने आकाशाकडे बघितलं. ढग होते, पण पाऊस थांबला होता.

“हिरवेच घाल, दत्तू. थोडंच काम आहे. कॉम्प्युटरवरची मुलं बसून हाताने पुसतील.”

दत्तूने हिरवे घातले. पोरीला पलीकडे न्यायचं, एवढंच काम होतं. पाणी गुडघ्याएवढं होतं. त्याने स्वतः दोनदा जाऊन पाय टाकून पाहिलं. मी खडकावर छत्री घेऊन बसले. पलीकडे एक मुलगी चेंडूंची काठी घेऊन उभी होती. मधल्या एका मोठ्या दगडावर, निळी नव्हती म्हणून, हिरवीच चादर टाकली होती, कारण तिथे खेकड्याचं घर काढायचं होतं.

चिमी दत्तूच्या पाठीवर बसली आणि तो पाण्यात रांगायला लागला. खेकडा उभा चालत नाही, म्हणून रांगायचं. पाणी त्याच्या कोपरांना लागत होतं आणि तोंड पाण्यापासून वीतभर वर होतं. चिमी ताठ बसून चेंडूंकडे बघत होती.

आधी आवाज आला. मला वाटलं, वरच्या रस्त्याने मोठी गाडी चालली आहे. मग पाण्याचा रंग बदलला. चहासारखं झालं. त्यावर पानं आली, काटक्या आल्या. डोंगरावर पाऊस कोसळला होता आणि आम्हाला खाली त्याचा थेंबही लागला नव्हता.

सगळे एकदम ओरडायला लागले. दत्तूला ऐकू जात नव्हतं. मिहीर सर दोन्ही हात हलवत होता, पण दत्तूचं तोंड खाली होतं. चिमीने आमचं ओरडणं ऐकलं, पण तिला वाटलं असेल हेही शिनेमातलंच. ती चेंडूंवरून नजर काढेना.

मग पाणी दत्तूच्या छातीला लागलं. तो झटकन उभा राहिला. चिमी मागे कलली, त्याने तिला पुढे ओढून खांद्यावर घेतलं. तीन-चार पावलं आमच्या बाजूला आला. कंबरेपर्यंत पाणी आलं होतं. मला त्याचं तोंड दिसत नव्हतं, नुसतं हिरवं ओलं कापड आत-बाहेर होताना दिसत होतं. कॅमेऱ्याजवळचा एक माणूस खडकावर पालथा पडून हात पुढे करत होता. दत्तूने चिमीला दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्याकडे फेकलं. ती अर्धी पाण्यात पडली, पण त्या माणसाच्या हातात दंड सापडला. त्याने ओढून वर घेतली.

आम्ही सगळे तिकडे धावलो. पलीकडची मुलगी काठी टाकून वर चढावर पळाली होती. मागे वळून कोणी पाहिलं नाही.

त्यानंतर जे झालं ते वर लिहिलंच आहे.

“दत्तू!” मी ओरडले तेव्हा बाकीच्यांचे चेहरे बदलले. मिहीर सर पाण्यात उतरला, दोघांनी त्याला धरलं. माणसं काठाने खालच्या बाजूला पळाली. हाका मारत होते, पण पाण्याच्या आवाजापुढे हाक दहा हातांवर पोचत नव्हती. जिकडे बघावं तिकडे हिरवं. एखादं झुडूप हललं की वाटायचं तोच आहे. एकजण ओरडला, “दिसला, दिसला!” खाली दगडांत हिरवं काहीतरी गुंडाळून अडकलं होतं. चौघांनी धरून ओढलं. जड होतं. मी डोळे मिटले. उघडले तर ती चादर होती, खेकड्याच्या घराची, आत चिखल आणि गोटे भरलेली.

तिघे त्याच वाटेने पुन्हा खाली गेले. मी चिमीकडे आले.

“चिमे, तू त्याच्या खांद्यावर हुतीस. तो कुनीकडं गेला?”

तिने परत मान फिरवली.

“सांग, न्हाईतर आता मारीन.” मी हात उगारला.

ती रडायला लागली. “सर सांगतील तवा.”

मी गेले आणि मिहीर सरची बाही धरून त्याला ओढत आणलं. त्याचे गुडघे फुटले होते.

“हिला सांगा, तो हाय म्हनून.”

“आजी, काय बोलताय? सोडा मला.”

“तुमी सांगितलं तो नसतो. ती तुमचं ऐकती, माझं न्हाई. तुमीच सांगा.”

तेव्हा त्याला कळलं. तो चिखलात गुडघ्यांवर बसला.

“चिमी, ऐक. दत्तूकाका आहे. मी चुकीचं सांगितलं होतं. तो आहे. आता त्याच्याकडे बघायचं, त्याचं नाव घ्यायचं. तू त्याला पाहिलंस का?”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

“व्हय.”

“कुठे?”

तिने खाली बोट केलं नाही. सगळे खाली शोधत होते. तिने समोर बोट केलं, थोडं उजवीकडे, पलीकडच्या काठाला, जिथे एक जांभळाचं झाड ओढ्यावर आडवं पडलं होतं आणि त्यावर वेलींचा गुंता चढला होता.

“तितं. त्यानं हात वर केलता. मी बघितलं. पन मी न्हाई बघितलं.”

आम्ही सगळे तिकडे बघायला लागलो. काही दिसेना. वेली, पानं, शेवाळ. मग त्या पानांतलं एक पान हललं, आणि ते पान नव्हतं, हाताची बोटं होती.

भुशीची माणसं आली होती तोवर. सुनंदाला कोणीतरी सांगितलं होतं, ती पिठाच्या हातांनी पळत आली. दोघे दोर बांधून झाडाच्या खोडावरून पलीकडे गेले. दत्तू खोड आणि खडक यांच्या मध्ये अडकला होता, पाणी गळ्याशी. तोंडावरचं कापड चिकटून बसलं होतं. श्वास घेतला की ते तोंडात जायचं. ओरडला असता तरी कसा ओरडला असता. एकाने कोयत्याच्या टोकाने कापड फाडलं. आतलं तोंड काळंनिळं होतं आणि डोळे मिटलेले होते.

सुनंदा काठावर उभी होती. मिहीर सर तिच्याजवळ जाऊन म्हणाला, “वहिनी, मला माफ करा.”

“माफी मागनं ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “गाडी हितवर आना.”

घोंगडीची झोळी करून त्याला रस्त्यावर आणलं. लोणावळ्यातल्या दवाखान्यात नेलं. फासळ्या मोडल्या होत्या, एक खांदा निखळला होता, छातीत पाणी गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, आज काही सांगता येणार नाही. मी आणि सुनंदा बाकावर बसलो. चिमी माझ्या मांडीवर झोपली होती आणि झोपेत दचकत होती. बाहेर पर्यटकांच्या गाड्या चालल्या होत्या, गाणी लावून. सुनंदाच्या हातांवर पीठ वाळलं होतं. ते ती नखाने खरवडत बसली.

“मावशी, पोरीला काय बोलू नगा,” एवढंच ती म्हणाली. “तिला सांगितलं तसं ती वागली.”

मला पुष्कळ बोलायचं होतं, पण कोणाला बोलावं ते कळेना. दार उघडलं की आम्ही दोघी उठायचो. दर वेळी दुसऱ्याच कोणाला बोलावलेलं असायचं. मला राहून राहून ते बटण आठवायचं, एकदा दाबलं की माणूस जातो ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी सुनंदाला आत घेतलं. तिसऱ्या दिवशी मला. चिमीला आत सोडत नव्हते. मी भांडले, मग सोडलं. ती खाटेजवळ उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे इतका वेळ बघत राहिली की शेवटी त्यालाच लाज वाटून तो म्हणाला, “काय बघती गं एवढं?”

ती म्हणाली, “दत्तूकाका.”

मंगलला मुलगा झाला आणि मी गावी परत आले. आमच्याकडे यंदाही पाऊस कमीच आहे. शिनेमाचं काम पुन्हा सुरू झालं की नाही ते मला माहीत नाही, आणि मी विचारलेलं नाही.

त्या दिवशी ओढ्यात दोघं उतरली होती, चिमी आणि दत्तू. दोघंही जगली.